फुकट, मुक्त आणि मराठीचा ‘ल’

गारखेडा परिसरातील एका शाळेची जुनी स्मरणिका पुन्हा छापायची म्हणून आम्ही तिची संगणकावरील फाइल उघडली. पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा नुसता काला दिसला. फाइल बिघडलेली नव्हती. ती ज्या फाँटमध्ये टंकली होती तो त्या संगणकावर नव्हता आणि विकतही मिळेना. मजकूर शाळेचा, पण किल्ली दुसऱ्याच्या हाती! मुक्त आणि मालकीच्या सॉफ्टवेअरचा वाद आपल्या दाराशी येतो तो असा.

या वादातील मुक्त बाजू रिचर्ड स्टॉलमन यांनी ठामपणे मांडली. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. वापरणाऱ्याला चार मोकळिकी हव्यात, असे ते म्हणतात: सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी चालवणे, त्याची रचना अभ्यासून ती बदलणे, प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रतीही वाटणे. या मोकळिकी नाकारणे ही त्यांच्या मते केवळ गैरसोय नसून अनीती आहे. मराठीच्या अनुभवावर ही भूमिका घासून पाहू.

प्रथम तिची मर्यादा. आमची फाइल अडली ती मुख्यतः संकेतांमुळे. त्या काळी वेगवेगळ्या कंपन्या मराठी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी आपापल्या क्रमाने बसवीत. एकीचा ‘क’ दुसरीकडे भलतेच चिन्ह होई. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तीत देवनागरीला स्वतंत्र जागा मिळाल्या. ते हळूहळू रुळले तसा नव्या मजकुराचा हा प्रश्न सुटत गेला, आणि तो विंडोजसारख्या मालकीच्या प्रणालीतही सुटला. म्हणजे खुले प्रमाण आणि मुक्त परवाना या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुक्त सॉफ्टवेअरचे पुरस्कर्ते कित्येकदा त्यांची सरमिसळ करतात. शिवाय मराठी छपाई संगणकावर आणण्याचे पुष्कळसे कष्ट व्यावसायिक कंपन्यांनीच उपसले, हे नाकारणे अन्यायाचे होईल.

पण प्रमाण आले म्हणून वाद मिटत नाही. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ फाँट र. कृ. जोशी यांनी घडवला. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. मात्र त्यात बदल करून तो वाटण्याची मुभा नाही. रेड हॅटने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘लोहित’ किंवा मुंबईच्या एक टाइप संस्थेचा ‘मुक्ता’ यांच्या परवान्यात ती मुभा आहे. हा फरक वर्गात कळतो. शासनाने २०२२ मध्ये पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ पुन्हा प्रमाण ठरवले, पण अनेक फाँटांत ही अक्षरे हिंदी वळणाची दिसतात. मुक्त फाँट असेल तर अक्षर सुधारून तो इतर शाळांना देता येतो. मालकीचा असेल तर मालकाची मर्जी पाहावी लागते. अर्थात सुधारणारा जाणकार नसेल तर ही मोकळीक कागदावरच राहते.

शेवटचा मुद्दा थोडा अवघड आहे. परीक्षेत नक्कल करणाऱ्या मुलाला आपण रागावतो आणि त्याच शाळेतील संगणकावर विनापरवाना उतरवलेले सॉफ्टवेअर चालवतो. कायद्याने तो गुन्हा आहे. परवडत नाही, ही अडचण खरी. पण मुक्त सॉफ्टवेअर कायदेशीररीत्या मिळत असताना ती सबब टिकत नाही. शेजारच्या शाळेला प्रत देणे तेथे गुन्हा ठरत नाही, उलट अपेक्षितच असते. स्टॉलमन यांचा नीतीचा आग्रह आम्हाला सर्वांत अधिक पटतो तो येथे.

मालकीचे सर्व सॉफ्टवेअर आजच काढून टाका, असे आम्ही म्हणत नाही. मात्र शाळेत नवे सॉफ्टवेअर घेताना ‘किती रुपये?’ एवढेच विचारू नये. यातला मजकूर वीस वर्षांनी दुसऱ्या साधनाने उघडेल काय? चूक आढळली तर ती दुरुस्त करण्याचा हक्क आपल्याला आहे काय? विद्यार्थ्याला प्रत उघडपणे घरी देता येईल काय? हे तीन प्रश्न वरच्या वर्गांतील मुलांपुढेही ठेवावेत आणि शाळेतल्याच एका संगणकावर त्यांची उत्तरे शोधायला लावावीत.