रोगाचे प्रतिमान : उपमा की रूपक?

‘मातीचा घोडा’, ‘पाटलाचा घोडा’ आणि ‘शर्यतीचा घोडा’ हे तीनही प्रयोग मराठीत रूढ आहेत. षष्ठीचा प्रत्यय तिन्ही ठिकाणी एकच. परंतु पहिल्यात द्रव्य, दुसऱ्यात स्वामित्व आणि तिसऱ्यात प्रयोजन सूचित होते. ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही, कारण माती, पाटील व शर्यत यांची त्याला आधीच ओळख असते. ही ओळख नसेल तेथे मात्र प्रत्यय फसवतो. आनुवंशिक रोगांच्या प्रयोगशाळांतून आलेली ‘अमुक रोगाचा उंदीर’ ही शब्दयोजना अशीच फसवी आहे. त्या उंदराला तो रोग झालेला असतो, की तो त्या रोगाच्या अभ्यासासाठी घडविलेला असतो? हा भेद केवळ वैयाकरणाच्या कुतूहलाचा नाही. रुग्णाच्या आशेचा त्याच्याशी संबंध आहे.

सिस्टिक फायब्रोसिस या रोगाचे उदाहरण घेऊ. सातव्या गुणसूत्रावरील सीएफटीआर या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यास हा रोग होतो. या जनुकापासून होणारे प्रथिन पेशीच्या आवरणातून क्लोराइडची ने-आण करते. ते काम थांबले की श्लेष्मा घट्ट व चिकट होतो, फुफ्फुसांत वारंवार जंतुसंसर्ग होतो आणि बहुसंख्य रुग्णांचा अंत फुफ्फुसे निकामी होऊन होतो. १९८९ साली टोरांटो व मिशिगन येथील संशोधकांनी हे जनुक शोधून काढले आणि १९९२ साली तेच जनुक निकामी केलेले उंदीर तयार झाले. कारण तेच, प्राणी सस्तन. तेव्हा कार्यही तेच घडेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्या उंदरांना आतड्यांतील अवरोधाने ग्रासले. मानवी रुग्णासारखा फुफ्फुसांचा विकार मात्र त्यांना झाला नाही. उंदराच्या श्वासमार्गात क्लोराइडला वाट देणारी दुसरीही एक व्यवस्था पुरेशी प्रबळ असते, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. ज्या इंद्रियामुळे रोगी दगावतो, नेमके तेच इंद्रिय या ‘रोगाच्या उंदरात’ बहुतांशी शाबूत राहिले.

येथे आपल्या अलंकारशास्त्राची परिभाषा साहाय्यास येते. उपमेय, उपमान, साधारण धर्म व वाचक शब्द ही उपमेची चार अंगे होत. मम्मटाने उपमेच्या लक्षणातच भेदाची अट घातली आहे: दोन वस्तू भिन्न असतील तरच त्यांच्या साधर्म्याला उपमा म्हणावयाचे. भेद झाकून अभेदाचा आरोप केला की रूपक होते. आता ‘रोगाचा उंदीर’ या प्रयोगाकडे पाहावे. त्यात वाचक शब्द नाही आणि साधारण धर्माचा उल्लेख नाही. अशी लुप्तोपमा ऐकता ऐकता रूपक होऊन बसते. मग उंदीर बरा झाला म्हणजे रोग बरा झाला, असे वाचकास वाटू लागते. काव्यात हा गुण ठरेल. प्रयोगाच्या वृत्तांतात तो दोष आहे.

याउलट एक उदाहरण विचार करण्याजोगे आहे. आयव्हाकाफ्टर या औषधास अमेरिकेत २०१२ साली जी ५५१ डी या उत्परिवर्तनापुरती मान्यता मिळाली. इतर अनेक उत्परिवर्तने इतकी विरळ, की त्यांच्यासाठी स्वतंत्र चाचणीपुरते रुग्ण मिळणेही दुष्कर. तेव्हा उंदराच्या थायरॉइड ग्रंथीपासून निघालेल्या पेशींत ती मानवी उत्परिवर्तने घालून क्लोराइडचे वहन मोजण्यात आले. औषधामुळे निरोगी प्रथिनाच्या वहनाच्या किमान १० टक्के इतकी वाढ होते की नाही, ही कसोटी होती. या पुराव्याच्या आधारे २०१७ साली मान्यताप्राप्त उत्परिवर्तनांची संख्या १० वरून ३३ वर गेली. थायरॉइडच्या पेशीचे फुफ्फुसाशी काय साम्य? जवळजवळ काहीच नाही. तरीही ती उपयोगी पडली, कारण साधारण धर्म कोणता व तो किती प्रमाणात हवा, हे आधी ठरले होते. प्रतिमानाची योग्यता साम्याच्या विपुलतेवर नव्हे, तर साम्याच्या निश्चितीवर अवलंबून असते.

यावर एक आक्षेप संभवतो व तो रास्त आहे. लुमाकाफ्टर या औषधाने एफ ५०८ डेल हे उत्परिवर्तन असलेल्या रुग्णांच्या श्वासमार्गातील पेशींत क्लोराइडचे वहन निरोगी पातळीच्या सुमारे १४ टक्क्यांपर्यंत नेल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. पेशी मानवी, धर्म निश्चित, माप हाती. तथापि ते औषध एकटे दिले असता रुग्णांच्या फुफ्फुसांची कार्यक्षमता लक्षणीय सुधारली नाही. म्हणजे साधारण धर्म सांगितल्याने उपमा खरी ठरतेच असे नाही. परंतु ती कोठे उणी पडली, हे सांगता येते आणि पुढचा प्रयोग तेथूनच सुरू होतो. औषधांच्या संयोगाचा मार्ग चोखाळला गेला आणि २०१९ साली तीन औषधांच्या संयोगास मान्यता मिळाली. रूपकास ही सोय नाही; ते फसले तरी कोठे फसले, याचा पत्ता लागत नाही.

मराठी परिभाषेपुरता निष्कर्ष असा, की या अर्थी ‘प्रतिकृती’ हा शब्द टाकून द्यावा. मूळ वस्तूची हुबेहूब घडण तो गृहीत धरतो. ‘प्रतिमान’ अधिक इष्ट. ‘उपमान’ व ‘प्रतिमान’ या दोहोंत ‘मा’ म्हणजे मोजणे हाच धातू आहे आणि मोजमापाची आठवण येथे आवश्यक आहे. मात्र शब्द बदलून भागणार नाही. कोणाचे, कशापुरते व कोणत्या धर्माने प्रतिमान, हे वाक्यात आले पाहिजे. ‘कोणाचे’ हा प्रश्न आपल्याला तर अधिकच लागू आहे. एफ ५०८ डेलचे प्रमाण युरोपीय रुग्णांपेक्षा भारतीय रुग्णांत कमी आढळते; म्हणून त्या एका उत्परिवर्तनावर सिद्ध झालेले प्रतिमान आपल्याकडील अनेक मुलांचे प्रतिमान नव्हे. ‘रोगाचे प्रतिमान’ या दोन शब्दांत ती मुले गृहीत धरली जातात आणि उपचारांतून सुटतात. षष्ठीच्या त्या प्रत्ययाचा अर्थ विचारणे हे म्हणूनच शब्दच्छल नव्हे.