देऊळ फिरले ते कसे?

आमच्या जवळा बाजारात नारळ मिळतो तो वाण्याच्या दुकानात. शिवारात पाहाल तर बाभूळ, कडुनिंब, बांधावर एखादी बोर, आणि पाऊस बरा झाला असेल तर नजर पोचेल तिथवर हळद, कापूस नि सोयाबीन. तरीही वर्गात ‘चित्र काढा’ म्हटले की बहुतेक वह्यांत एकच देखावा उगवतो. दोन डोंगर, त्यांच्या बेचक्यातून वर येणारा अर्ध्या भाकरीएवढा सूर्य, त्याच बेचक्यातून निघालेली नदी, काठावर झोपडी, आणि झोपडीवर वाकलेले नारळाचे झाड. हा देखावा पाहिला कोणी? मुलांनी नाही, त्यांच्या आईबापांनीही नाही. मी स्वतः लहानपणी हाच काढीत असे आणि त्यावर ‘छान’ असा शेरा मिळवीत असे.

मी चित्रकार नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. कादंबऱ्या लिहितो आणि मुलांना मराठी शिकवतो. चित्रांविषयी लिहिण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असे कोणी विचारले तर मजजवळ उत्तर नाही. पण एका चित्राला मी एकदा गुण दिले होते, आणि ते चुकीचे दिले होते. त्या चुकीने मला पुष्कळ चित्रे पाहावयास लावली. हा लेख म्हणजे त्या पाहण्याचा हिशेब आहे.

झाले असे. औंढा नागनाथ हे आमच्याच तालुक्याचे गाव आणि नामदेवांची नरसी आमच्याच जिल्ह्यातली. नामदेव कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना देवळामागे घालवले, आणि मग देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले, ही कथा आमच्या मुलांना बाळगुटीबरोबरच मिळते. नंदी मागल्या बाजूला राहिला तो त्यामुळे, असे औंढ्यात आजही लोक बोट दाखवून सांगतात. काही वर्षांपूर्वी मी वर्गाला ही कथा चित्रात काढावयास सांगितली. चित्रे आली ती सगळी कॅलेंडरातली. देवळाभोवती किरणे, नामदेवांच्या मस्तकामागे सोनेरी तबकडी, वर ढगांतून फुले. एका मुलाने मात्र भलतेच काढले होते. त्याचे देऊळ किंचित कलले होते आणि त्याच्या पायथ्याला दहापंधरा माणसे खांदा लावून रेटीत होती. चिखलात रुतलेली गाडी रेटावी तशी. एकाचे धोतर सुटत होते. एक म्हातारा बाजूला उभा राहून हात हलवीत होता. ‘आता डावीकडे घ्या’ असेच तो म्हणत असणार.

मी हसलो. नुसता हसलो नाही, चित्र वर धरून वर्गालाही हसवले. “देवळाला काय पंक्चर झाले होते का रे?” असे काहीतरी बोललो आणि १० पैकी ३ गुण दिले. मला हवा होता चमत्कार. या मुलाने दिले कष्ट. त्यानंतर त्या मुलाने मला कधी चित्र दाखवले नाही. पुढे त्याने शाळाही सोडली. त्याला इतरही कारणे होती, घरची. पण चित्र न दाखवण्याचे कारण मीच होतो.

पुढे एका स्नेह्याने मला एक जुने इंग्रजी पुस्तक पाहावयास दिले. सी. ए. किंकेड नावाच्या गोऱ्या न्यायाधीशाने आपल्या व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत सांगितल्या आणि लंडनच्या मॅकमिलन कंपनीने त्या १९१४ साली छापल्या. आदित्यराणूबाईपासून शनिवारपर्यंतच्या वारांच्या कहाण्या त्यात आहेत, नागोबा आहे, सोमा परटीण आहे. त्यातली चित्रे महादेव विश्वनाथ धुरंधरांची. धुरंधर १८६७ साली कोल्हापुरात जन्मले, १८९० साली मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिरले आणि १९३१ पर्यंत तेथेच राहिले. आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी नाव दिले तेही ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. मोठा राबणारा माणूस. तैलचित्रे केली, जलरंगांत काम केले, पुस्तके सजवली, आणि मुंबईच्या रस्त्यांवरील माणसांची गमतीदार पोस्टकार्डेही काढली.

या पोस्टकार्डांचे नाव समीक्षक जरा नाक मुरडूनच घेतात. मला तर वाटते की कहाण्यांची चित्रे पोस्टकार्डांच्या पोटातून आली. कमरेवर घागर घेतलेल्या बाईचे वजन कोणत्या पायावर पडते, नऊवारीचा काष्टा बसताना कुठे ताणतो, पदर खांद्यावरून घसरू लागला की हात कसा नकळत वर जातो, हे ज्याने रस्त्यात उभे राहून शंभरदा टिपले आहे, त्याला कहाणीतली राणी काढावयास स्वर्गात जावे लागत नाही. धुरंधरांच्या देवी आणि राण्या शेजारच्या वाड्यातून आल्यासारख्या वाटतात. ते दोष नाही, तेच त्यांचे बळ आहे. उलट जेथे त्यांना पोशाखी दरबार आणि मिरवणुका भरावयाच्या असतात, तेथे, लहान तोंडी मोठा घास घेऊन सांगतो, चित्र कारकुनी होते. सगळे जागच्या जागी असते, पण कोणाच्याच पायाला चिखल लागलेला नसतो.

आणि ही रीत धुरंधरांनी चित्रात आणली म्हणावी, तर कहाण्यांत ती आधीपासूनच आहे. शुक्रवारची कहाणी आठवून पाहा. श्रीमंत भाऊ गावाला जेवण घालतो, पण गरीब बहिणीला बोलावीत नाही. ती आपण होऊन मुलांना घेऊन जाते तर पंगतीतून उठवली जाते. पुढे तिचे दिवस पालटतात, भाऊ सन्मानाने बोलावतो, तेव्हा ती पाटावर बसते, अंगावरचे दागिने उतरून ठेवते आणि एकेका दागिन्यावर एकेक पदार्थ वाढते. जेवण ज्याला बोलावले त्याला. आता यात देवी कोठे आहे? आहे, पण मागे. समोर आहेत पाट, ताट, सरी, ठुशी, आणि घास हातातच राहिलेला भाऊ. ज्याने लग्नाच्या पंगतीत कोणाला तरी उठवताना पाहिले आहे, त्यालाच या भावाचा चेहरा काढता येईल. कथा प्रसंग सांगते. तो प्रसंग घडला ‘कसा’, हे मात्र चित्रकाराला आपल्याच घरादारातून आणावे लागते. देऊळ फिरले, एवढेच कथेने सांगितले होते. ते कसे फिरले, हे त्या एका पोराने विचारले. बाकीच्यांनी किरणे काढून तो प्रश्न झाकला. आणि मी झाकणाऱ्यांना ८ गुण दिले.

नुसते रोजचे जगही पुरत नाही, हे येथेच सांगून टाकतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांत स्मरणचित्राचा विषय असतो. बाजार, बसथांबा, सण असले रोजचेच प्रसंग काढावयाचे असतात. हेतू उत्तम. पण मुले काय करतात? एक बाजार पाठ करतात. तीन बायका, एक छत्री, दोन टोपल्या, मागे अर्धवट झाड. ज्यांच्या गावाच्या नावातच बाजार आहे ती आमची मुलेही हाच पाठ केलेला बाजार काढून येतात. कारण त्या बाजारात काही घडत नसते. कोणी भाव करीत नाही, कोणाची शेळी सुटत नाही. गोष्टीवाचून प्रसंग म्हणजे डोंगर आणि नारळाचेच दुसरे रूप.

दिवाळी अंकाच्या वाचकांना याचे उलटे उदाहरण मी वेगळे शोधून द्यायला नको. शि. द. फडणीसांचे ‘मोहिनी’च्या १९५२ सालच्या दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ पुष्कळांच्या डोळ्यांपुढे असेल. बसथांब्यावर एक तरुण आणि एक तरुणी. त्याच्या शर्टावर मांजरे छापलेली, तिच्या वस्त्रावर उंदीर. बस्स! खाली एक अक्षर नाही. बसथांबा कोणीही पाहतो, नक्षीचे कापड कोणीही घेतो, मांजर-उंदराची गोष्ट तर पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. फडणीसांनी या तीन गोष्टी एकमेकींच्या शेजारी उभ्या केल्या आणि घरोघरी आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे हसले. पुढे कितीकांनी त्यांची रेषा उचलली. पण बसथांब्यावर तसे उभे राहून पाहणे काही उचलता येत नाही.

यंदा आषाढी अवसेला, म्हणजे दिव्यांच्या अवसेला, मी सातवीच्या वर्गात त्या दिवसाची कहाणी सांगितली. राजाच्या सुनेने घरातला खाऊ खाल्ला आणि आळ उंदरांवर घातला; उंदरांनी सूड म्हणून तिची चोळी पाहुण्याच्या अंथरुणात नेऊन टाकली; सुनेला घराबाहेर घालवले. तिच्यामागे घरातले दिवे घासायला कोणी उरले नाही. अवसेच्या रात्री गावोगावचे दिवे एका झाडावर जमले आणि कोणाच्या घरी काय गोडधोड झाले ते एकमेकांना सांगू लागले. राजाच्या घरचा दिवा मात्र रडला. झाडाखाली राजा ऐकत होता. ही कहाणी किंकेडच्या पुस्तकातही आहे. मी मुलांना म्हटले, दिवे झाडावर बसले ते कसे बसले, तेवढे काढा. यावेळी गुण देणार नाही, असेही सांगितले.

त्या मुलाची धाकटी बहीण आता याच वर्गात आहे, हे माझ्या ध्यानात नव्हते. तास संपला तरी तिने कागद दिला नाही. वहीखाली दाबून बसली होती. विचारले तेव्हा खाली बघत म्हणाली, “दादा म्हणला, सरांना नको दाखवू. हसतेत.”

मी काय बोलणार? हात पुढे करून उभा राहिलो. बऱ्याच वेळाने तिने कागद दिला.

बाभळीचे झाड होते, काट्यांसकट. वरच्या फांदीवर समई, पाय सोडून, थोरल्या जावेसारखी. तिच्या खाली निरांजन, पणत्यांची रांग, काच तडकलेला कंदील. शाईच्या दौतीची केलेली रॉकेलची चिमणी काळवंडलेल्या तोंडाने एका टोकाला, इतरांपासून जरा दूर बसली होती. राजाच्या घरचा दिवा कोणता ते सांगावे लागत नव्हते. त्यावर जळमट होते. आणि झाडाखाली, राजाच्या बाजूला, विजेचा एक बल्ब वर बघत उभा होता.

“हा का गं खालीच राहिला?” मी विचारले.

“वायर पुरंना, सर.”