पॅराशूट किती वेळा उघडायला हवं?

ड्रोनवर काम करणाऱ्या कुणाशीही बोला, स्वित्झर्लंडची गोष्ट एकदा तरी निघतेच. ती अशी: तिथे मोकळीक होती म्हणून कंपन्या बहरल्या, मग युरोपचे नियम आले आणि सगळं अडलं. मीही पीएचडीच्या पहिल्या वर्षात ही गोष्ट सेमिनारमध्ये ठोकून दिली होती. आता मला ती पटत नाही. का पटत नाही, ते सांगते.

आधी त्यातलं खरं काय ते बघू. 2022 संपेपर्यंत तिथे 30 किलोपर्यंतचा ड्रोन परवानगीशिवाय उडवता यायचा. मुख्य अट ही, की तो नजरेच्या टप्प्यात असावा आणि गर्दीपासून 100 मीटर लांब. त्याच काळात झुरिचच्या ईटीएचमध्ये पीएक्स-4 हे खुलं ऑटोपायलट सॉफ्टवेअर जन्माला आलं. आपल्याकडच्या कितीतरी इंजिनिअरिंग कॉलेजांच्या ड्रोनमध्येही तेच असतं. लोझानच्या ईपीएफएलमधून सेन्सफ्लाय निघाली, मग बंदिस्त जागेत उडणारे, पिंजऱ्यातले ड्रोन बनवणारी फ्लायअ‍ॅबिलिटी. आणि 1 जानेवारी 2023 पासून युरोपीय संघाचे नियम तिथे लागू झाले, हेही खरं.

पण हे नियम काही बाहेरून येऊन आदळलेले नव्हते. नजरेपलीकडे किंवा वस्तीवरून उडायचं असेल तर युरोपात धोका मोजायला 'सोरा' नावाची पद्धत वापरतात. अनेक देशांच्या हवाई नियामकांच्या गटाने ती तयार केली आणि त्यात स्विस नियामकांचा वाटा मोठा होता. म्हणजे स्वित्झर्लंडने बऱ्याच अंशी आपलंच पोर दत्तक घेतलं! तेव्हा 'बाहेरच्यांनी घोळ घातला' हे म्हणणं इथे बसत नाही. टीका करायचीच तर सोराच्या आत शिरून करायला हवी.

सोराचं गणित तसं सोपं आहे. ड्रोन केवढा, खाली माणसं किती, यावरून जमिनीवरच्या धोक्याचा एक आकडा ठरतो. मग तुम्ही तो कमी करणारे उपाय दाखवायचे. पॅराशूट लावलं आणि ते मध्यम भरवशाचं ठरलं, तर आकडा 1 ने उतरतो. उच्च भरवशाचं ठरलं, तर 2 ने. दिसायला ही छोटी वजाबाकी आहे, पण ढोबळमानाने प्रत्येक पायरी म्हणजे दहापट. 1 ने उतरणं म्हणजे 'धोका 90 टक्के कमी झाला', 2 ने म्हणजे '99 टक्के'.

पॅराशूटला एवढं महत्त्व का? 10 किलोचा ड्रोन 100 मीटरवरून पडला, तर हवेचा अडथळा सोडून त्याची ऊर्जा सुमारे 9,800 ज्यूल होते. तोच पॅराशूटने सेकंदाला 4 मीटर वेगाने उतरला, तर फक्त 80 ज्यूल. युरोपच्या सी-1 वर्गातल्या छोट्या ड्रोनसाठी धडकेच्या ऊर्जेची मर्यादाही नेमकी 80 ज्यूलच आहे. म्हणजे पॅराशूट उघडलं तर तुमचा ड्रोन जवळपास खेळण्याच्या रांगेत येतो, आणि नाही उघडलं तर आकाशातून दगड पडतो. मधलं काही नाही.

आता झुरिच, 2019. स्विस पोस्ट तिथे मॅटरनेट कंपनीचे, साधारण 10 किलोचे ड्रोन वापरून इस्पितळांचे नमुने पाठवत होती. तोवर 3,000 हून जास्त उड्डाणं झाली होती. जानेवारीत एक ड्रोन झुरिच सरोवरात उतरला. यंत्रणेत बिघाड झाला, पण पॅराशूट उघडलं. मे महिन्यात दुसरा ड्रोन पडला. पॅराशूट बाहेर आलं, पण त्याची दोरी एका धारदार कडेवर कापली गेली. ड्रोन जिथे आदळला तिथून काही अंतरावरच बालवाडीची मुलं होती. कुणाला इजा झाली नाही, ते नशीब.

म्हणजे या दोन अपघातांत पॅराशूटची गरज दोनदा लागली आणि एकदा ते फसलं. दोन घटनांवरून कुणी टक्केवारी काढू नये, मीही काढत नाही. मला वेगळाच प्रश्न पडतो: मग किती घटनांवरून काढायची?

माझं काम याच गणितातलं. संख्याशास्त्रात तीनचा एक सोपा नियम आहे. एखादी गोष्ट 'एन' वेळा करून एकदाही फसली नाही, तर 95 टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की फसण्याचं प्रमाण 3 भागिले 'एन' पेक्षा कमी आहे. ड्रोनच्या पॅराशूटसाठीचं जे अमेरिकी मानक सर्रास दाखवलं जातं, त्यात 45 यशस्वी चाचण्या लागतात. 3 भागिले 45 म्हणजे जवळपास 7 टक्के. म्हणजे 45 पैकी 45 वेळा उघडलेलं पॅराशूटसुद्धा एवढंच सांगतं: '100 पैकी 7 पेक्षा जास्त वेळा फसणार नाही, बहुतेक.' 90 टक्क्यांच्या दाव्याला ते पुरेल. 99 टक्क्यांच्या दाव्याला 300 चाचण्या लागतील, एकही न फसता.

आणि तरीही धारदार कड उरतेच. चाचणीत ठरलेले बिघाड मुद्दाम घडवतात, मोटर बंद कर वगैरे. दोरी कुठे घासेल हे तुमच्या यादीतच नसेल, तर 300 काय, 3,000 चाचण्यांतही ते कदाचित दिसणार नाही. माझा मुख्य आक्षेप हाच आहे. सोरा सुरक्षेचा उपाय वजा करून मोकळी होते. पण ड्रोन गटांगळ्या खात असतानाच पॅराशूटलाही काम करायचं असतं. मूळ बिघाड आणि उपायाचं फसणं या दोन गोष्टी स्वतंत्र आहेत असं मनात धरलं, की गणित सुंदर येतं आणि चुकीचं येतं.

मग सोरा फेकून द्यायची का? अजिबात नाही. जुन्या मोकळ्या व्यवस्थेत हा प्रश्न विचारायला जागाच नव्हती. निदान इथे 'तुझ्या 2 गुणांचा पुरावा दाखव' असं म्हणता येतं. मला दोनच बदल हवे आहेत. एक, 2 ची वजाबाकी मागणाऱ्याने चाचण्यांची संख्या आणि त्यावरून निघणारी कमाल मर्यादा अर्जातच लिहावी. दोन, प्रत्यक्ष उड्डाणात पॅराशूट जेव्हा जेव्हा उघडलं किंवा उघडलं नाही, ती प्रत्येक नोंद सगळ्यांना बघता यावी. कापलेल्या दोरीबद्दल आज आपण बोलू शकतो, कारण स्विस अपघात तपास मंडळाने अहवाल जाहीर केला. त्यानंतर दोऱ्या मजबूत केल्या गेल्या. एका दोरीने अख्ख्या व्यवसायाला धडा दिला, तो फुकट वाटता आला तो त्या अहवालामुळे.

आपल्याकडे 2021 च्या ड्रोन नियमांतही 250 ग्रॅम, 2 किलो, 25 किलो अशा वजनाच्या पायऱ्या आहेत. उद्या मुंबई-पुण्यात वस्तीवरून औषधं नेण्याची परवानगी मागितली जाईल, तेव्हा 'पॅराशूट आहे' हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकू येईल. ऐकलंत की एकच विचारा: किती वेळा उघडून बघितलंय?