‘उंबरठा’ : घराचा आणि कचेरीचा

जब्बार पटेल दिग्दर्शित ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. शांता निसळ यांची ‘बेघर’ ही मूळ कादंबरी, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि स्मिता पाटील यांनी साकारलेली सुलभा महाजन यांमुळे चर्चासत्रांत स्त्रीप्रश्नाचा विषय निघाला की या कलाकृतीचा उल्लेख हटकून होतो. विवेचनाचा रोख मात्र बहुधा एकच असतो : सुलभाने घराचा उंबरठा ओलांडला. घराबाहेर पडलेल्या स्त्रीसमोर कचेरीचाही एक उंबरठा असतो आणि तो बाहेरून नव्हे, आतून बंद केला जातो. या दुसऱ्या उंबरठ्याच्या अंगाने चित्रपटाकडे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

सुलभा समाजकार्याचे शिक्षण घेतलेली, वकिलाची पत्नी आणि एका लहान मुलीची आई आहे. संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षिकेची जागा तिला मिळते. सासूबाई स्वतः समाजकार्यात वावरणाऱ्या असूनही सुनेने दूरगावी नोकरी करावी हे त्यांना रुचत नाही. येथवरचा संघर्ष पटकथेने नेमका टिपला आहे. पण राणीचे काय, या प्रश्नाचे उत्तर कथानकात आधीच तयार ठेवलेले आहे. अपत्यहीन जाऊ माया मुलीला सांभाळते, तिला लळा लावते. पुढे राणी आईला दुरावते तेव्हा प्रेक्षकाला वाटते की नोकरीची किंमत मातृत्वाने चुकवली. वस्तुतः माया म्हणजे त्या सधन घरातील विनावेतन पाळणाघर होय. ती नसती तर सुलभाचा अर्ज टपालातही पडला नसता. इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’मधील (१८७९) नोराही मुलांना दाईच्या हाती सोपवूनच दार ओढून घेते. मुक्तीच्या या कथांत मूल सांभाळणारी दुसरी बाई नेहमी नेपथ्यात उभी असते, तिच्या श्रमाचा हिशेब होत नाही.

चित्रपटाच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १९८१ साली, सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा या खटल्याचा निकाल दिला होता. हवाईसुंदरीने वयाच्या ३५ व्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास त्या वेळी किंवा पहिल्या गरोदरपणी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा निवृत्त व्हावे, असा नियम होता. न्यायालयाने गरोदरपणाची अट स्त्रीत्वाचा अवमान करणारी म्हणून रद्द केली. एवढाच भाग आपण वर्गात सांगतो. परंतु त्याच निकालात चार वर्षांच्या विवाहबंदीची अट वैध ठरली. तिच्या समर्थनार्थ दिलेल्या कारणांत कुटुंबनियोजन होते आणि नव्या मुली भरती करण्याचा खर्चही होता. तिसऱ्या गर्भधारणेला नोकरी संपवण्याची प्रस्तावित तरतूदही न्यायालयाला गैर वाटली नाही. त्याआधी १९६५ साली मुंबईतील एका औषध कंपनीचा, विवाह होताच स्त्री कामगारास कमी करण्याचा नियम याच न्यायालयाने मोडून काढला होता. विवाहित स्त्रिया रजा अधिक घेतात, हा मालकाचा युक्तिवाद तेव्हा टिकला नव्हता. सोळा वर्षांनंतर खर्चाचा युक्तिवाद टिकला.

प्रश्न असा, की बाळंतपणाचा खर्च कोणी उचलायचा? १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा भार मुख्यत्वे सरकारने उचलायला हवा हे मान्य केले होते. तथापि स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकालाही त्यातून सुटता येणार नाही, असे बजावले होते. १९२९ च्या मुंबईच्या कायद्याने भार मालकावर टाकला. १९६१ च्या केंद्रीय कायद्यानेही तेच केले. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर आवश्यक ठरले. राज्य कामगार विम्याचे कवच नसलेल्या आस्थापनांत पैसा मात्र मालकाच्याच खिशातून जायचा राहिला. परिणामी मुलाखतीस आलेल्या विवाहित तरुणीकडे पाहताना मालक मनातल्या मनात सहा महिन्यांचा पगार मोजतो. नाकारण्याचे कारण कागदावर येत नाही, म्हणून त्याविरुद्ध दादही मागता येत नाही. कायदा हजेरीपटावरील स्त्रीचे रक्षण करतो. हजेरीपटावर येऊच न दिलेली स्त्री त्याला दिसत नाही.

परभणी जिल्ह्यातून पाहिले की ही मर्यादा अधिक ठळक होते. गंगाखेड, सोनपेठ या भागांतून ऊसतोडीला जाणारी जोडपी ‘एक कोयता’ म्हणून मोजली जातात. मुकादमाची उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते, खाडा पडला तर दंड दोघांच्या हिशेबात लागतो. येथे स्त्री स्वतंत्र कामगारच नाही, तर तिची रजा कोण मंजूर करणार? शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली पुढे आला आणि शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली.

आपल्या महाविद्यालयांनाही या बाबतीत फार उजळ माथ्याने बोलता येणार नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला जितके तास घेतले तितकेच मानधन मिळते. सत्राच्या मध्यात बाळंतपण आले की तास दुसऱ्याकडे जातात आणि पुढील वर्षी नेमणूक नव्याने होते. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी स्त्रियांना प्रसूतिलाभ नाकारता येणार नाही, असा निकाल २००० साली लागला. पण तो दाखवून हक्क मागायचा तर पुढच्या वर्षीच्या मुलाखतीला त्याच संस्थेसमोर बसावे लागते. हीच प्राध्यापिका तृतीय वर्षाच्या वर्गात ‘उंबरठा’ शिकवत असते.

या पार्श्वभूमीवर चित्रपटाचा शेवट पुन्हा पाहावा. आश्रमातील गैरप्रकार आणि चौकशी यांनंतर सुलभा राजीनामा देते. घरी येते तो नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते. ती पुन्हा निघते आणि आगगाडीच्या डब्यात आपल्याला दिसते. समीक्षक या दृश्याला स्वातंत्र्याची प्रतिमा म्हणतात. प्रतिमा प्रभावी आहे, यात वाद नाही. पण गाडी कोठेतरी थांबेल, सुलभा दुसऱ्या नोकरीसाठी अर्ज करील. त्या अर्जात अल्पकाळात सोडलेली नोकरी असेल, वादग्रस्त चौकशी असेल, पतीपासून वेगळे राहणे असेल आणि एक मुलगी असेल. समोर निवड समिती असेल. तेंडुलकरांची पटकथा तेथवर जात नाही.