अंबिकेच्या हातातील आंबे

बडोद्याजवळचे छाणी हे गाव जैन ग्रंथभांडारांमुळे अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. तेथील ‘ओघनिर्युक्ती’ची इ. स. ११६१ मधील ताडपत्री पोथी पश्चिम भारतीय चित्रकलेचा मोलाचा ठेवा होय. तीत सोळा विद्यादेवींच्या जोडीला अंबिकाही आहे. सिंह हे तिचे वाहन. मूल आणि आम्रलुंबी, म्हणजे आंब्यांचा घोस, ही तिची खूण.

सिंह दिसला की आपण मराठी माणसे ‘ही आपली अंबाबाई’ म्हणून हात जोडतो. त्यात गैर काही नाही. पण त्या घाईत आंबे पाहायचे राहून जातात. लुंबी हा शब्दही आपल्याला परका नाही. गुजरातीत केळ्यांची लूम असते, कोकणात भाताची लोंबी.

आई आणि मूल यांच्या चित्रात फूल-फळ दिसले की समीक्षक ‘सुफलता’ म्हणून मोकळे होतात. मला हे उत्तर अपुरे वाटते. बडोद्याचे उमाकांत प्रेमानंद शहा यांनी अंबिकेच्या मूर्तिविधानाचा साक्षेपी अभ्यास केला आहे. परंतु लक्षणांमागची कथा वाचल्याशिवाय चित्र बोलत नाही.

कथा अशी : श्राद्धाचे अन्न ब्राह्मणांच्या आधी जैन मुनीला वाढले म्हणून एका ब्राह्मण स्त्रीला घराबाहेर काढले गेले. बरोबर दोन मुले. ती भुकेने रडू लागली तेव्हा वाळलेला आंबा फळला. पुढे पश्चात्ताप झालेला नवरा मागून येताना दिसला. पण ती भ्याली आणि तिने जीव दिला. ती नेमिनाथांची यक्षी झाली, तो तिचा सिंह.

लिओनार्दोच्या म्युनिकमधील चित्रात मेरी बाळापुढे लाल कार्नेशन धरते. ते फूल मुलाच्या भावी यातनांची खूण मानले जाते. अंबिकेचे आंबे उलट मागे पाहतात. त्यांत दुःख आईचे आहे, आणि ते सोसून झालेले आहे. जिने दुसऱ्याला वाढले, तिच्या मुलांना झाडाने वाढले, हा त्यांचा अर्थ.

वेरूळच्या ३२ व्या लेण्यात हीच अंबिका आम्रवृक्षाखाली बसली आहे. पुष्कळ काळ लोक तिला इंद्राणी समजत आले. वर आंबे लगडले असतानाही! देवीला नाव देण्याआधी तिच्या हातात आणि डोक्यावर काय आहे ते पाहावे, एवढाच माझा आग्रह आहे.