बरणीतले झिंगे आणि 'स्वयंपूर्ण' निसर्ग

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत अलीकडे एक वस्तू वरचेवर दिसू लागली आहे. लोणच्याच्या बरणीएवढे काचेचे भांडे, तळाशी वाळू, शेवाळाचा एक झुबका आणि त्यावर फिरणारे पाच-सहा लालभडक झिंगे. शेजारच्या पुठ्ठ्यावर लिहिलेले असते : 'स्वयंपूर्ण परिसंस्था. खाद्य नको, पाणी बदलायला नको.' अशाच एका प्रदर्शनात आम्ही परीक्षक म्हणून गेलो होतो. बरणी किती दिवसांची, असे विचारले तेव्हा विद्यार्थिनी म्हणाली, "चार दिवसांची, सर. आधीचे मेले म्हणून नवीन आणले." उत्तर प्रामाणिक होते. पुठ्ठ्यावर मात्र त्याचा मागमूस नव्हता.

हे झिंगे म्हणजे नियोकॅरिडिना डेव्हिडी. मूळचे पूर्व चीन, तैवान, कोरिया या भागांतले. रानात त्यांचा रंग तपकिरी-हिरवट असतो; लाल रंग हा निवडक पैदाशीचा परिणाम. वर्गासाठी हा प्राणी खरोखर चांगला आहे, हे आधीच मान्य केले पाहिजे. आपल्याकडे तळ्यांत वाढवतात त्या मोठ्या कोळंबीची, मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गीची, पिल्ले अकरा डिंभावस्थांतून जातात आणि त्यांना निमखारे पाणी लागते. ही गोष्ट शाओ-वेन लिंग यांना १९६१ मध्ये मलायातील पेनांग येथे उमगली आणि त्यानंतरच तिची कृत्रिम पैदास शक्य झाली. नियोकॅरिडिनाचे तसे नाही. मादी वीस-तीस मोठी अंडी पोटाखालच्या पायांत धरून त्यांना सतत वारा घातल्यासारखे पाणी देत राहते आणि २५ अंशांच्या आसपास साधारण तीन आठवड्यांनी अंड्यांतून थेट इवलासा झिंगा बाहेर येतो. भिंगाखाली अंड्यातले डोळे दिसतात. मुले हे एकदा पाहिली की विसरत नाहीत.

आमचा आक्षेप प्राण्याला नाही, बरणीला आहे. आणि त्याहूनही बरणीविषयी जे लिहिले जाते त्याला.

छंदाच्या पुस्तिकांत 'पिल्ले झाली की टाकी जमली' असे एक वाक्य असते. ते अर्धेच खरे आहे. मादीच्या पाठीशी, कवचाआड पिवळसर डाग दिसतो, ती अंडाशयात तयार झालेली अंडी. कात टाकल्यावर संयोग होतो आणि अंडी पोटाखाली येतात. दुकानातून आणलेल्या मादीची ही तयारी, कित्येकदा फलनही, दुकानातल्या मोठ्या टाकीतच झालेले असते. त्यामुळे आठ दिवसांत पिल्ले दिसली तर श्रेय त्या टाकीचे. आपल्या बरणीची परीक्षा पुढे आहे. नवजात पिल्लू काच, दगड, पाने यांवर साचलेला जिवाणू आणि शैवालांचा चिकट थर खाऊन जगते. काल धुऊन पुसून मांडलेल्या बरणीत तो थर असतो कुठे? याच पिल्लांना मोठे होऊन दोन-तीन महिन्यांनी पिल्ले झाली, तर पैदास झाली असे म्हणता येईल. प्रदर्शन तेवढे चालत नाही, ही अडचण आम्हाला मान्य आहे.

आता पाण्याचा हिशेब करू. आठवी-नववीच्या मुलांनाही तो जमावा. खाद्याची ५० मिलिग्रॅमची एक गोळी घेतली. त्यात ४० टक्के प्रथिने, म्हणजे २० मिलिग्रॅम. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नत्र, म्हणजे ३.२ मिलिग्रॅम. गोळी न खाता कुजली आणि सगळा नत्र अमोनियाच्या रूपात पाण्यात आला असे मानू. ४० लिटरच्या टाकीत लिटरमागे ०.०८ मिलिग्रॅम होतील. दोन लिटरच्या बरणीत १.६. अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू वाळूत रुजायला चार-सहा आठवडे लागतात. चार दिवसांच्या बरणीत ते नसतातच म्हणायला हरकत नाही.

इथवरचे बहुतेकांना ठाऊक असते. पुढचा भाग पुस्तिकांत सहसा येत नाही. पाण्यातल्या अमोनियाची दोन रूपे असतात. त्यांतले विद्युतभार नसलेले रूप अधिक घातक. २५ अंशांना सामू ७ असेल तर ते जेमतेम ०.६ टक्के असते. सामू ८ ला सुमारे ५ टक्के आणि ९ ला ३६ टक्क्यांच्या आसपास. बरणी खिडकीत उन्हात ठेवली की शेवाळ प्रकाशसंश्लेषणासाठी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि सामू वर जातो. दाट शेवाळ आणि थोडे पाणी असेल तर दुपारपर्यंत तो ९ लाही पोचतो. म्हणजे तोच १.६ मिलिग्रॅम नत्र सकाळी निरुपद्रवी आणि दुपारी मारक! ज्या शेवाळाला पुठ्ठ्यावर 'पाणी शुद्ध करणारे' म्हटलेले असते, तेच इथे साथीदार ठरते. आमच्या स्वतःच्या टेबलावरची दोन लिटरची बरणी मे महिन्यातल्या एका दुपारी अशीच गेली. सकाळी अकरा झिंगे मोजले होते, संध्याकाळी दोन उरले. उष्णतेचाही हातभार असणार. २० अंशांना लिटरभर पाण्यात ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांना ७.५.

'स्वयंपूर्ण' ही कल्पना आली कुठून? हवाई विद्यापीठातले क्लेअर फोल्सम यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस समुद्राचे पाणी आणि सूक्ष्मजीव बंद चंबूंत ठेवून प्रयोग केले. पुढे १९८० च्या दशकात, अंतराळातील जीवनाधार प्रणालीच्या विचारातून, झिंगे असलेले बंद काचगोळे तयार झाले व बाजारातही आले. त्यांतले झिंगे हॅलोकॅरिडिना रुब्रा. हवाईच्या निमखाऱ्या डबक्यांतले, अत्यंत चिवट. उघड्या टाकीत ते दहा-वीस वर्षे जगू शकतात. बंद गोळ्यात ते काही वर्षे तग धरतात, पण त्यांची पैदास होत नाही. जी 'परिसंस्था' आपल्या प्राण्यांची पुढची पिढी घडवू शकत नाही, तिला स्वयंपूर्ण म्हणणे म्हणजे शब्दाशी खेळणे झाले. शिवाय गोड्या पाण्यातल्या नियोकॅरिडिनाला तीच पाटी लावणे ही नकलेची नक्कल.

शिक्षकांनी हा प्रयोग सोडून द्यावा असे आम्ही म्हणणार नाही. वीस लिटरची टाकी, स्पंजाची गाळणी, जावा मॉससारखी वनस्पती आणि थेट ऊन न येणारा कोपरा पुरे. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन काढून टाकायचे, तांबे असलेली औषधे टाकीजवळही आणायची नाहीत. आधी महिना-दीड महिना टाकी झिंग्यांवाचून चालवावी. हा काळ मुलांना कंटाळवाणा वाटतो खरा. पण अमोनिया तपासण्याचा संच मिळाला तर आठवड्याला एक आकडा आलेखावर चढतो, आणि आमच्या मते सगळ्या प्रयोगात शिकण्यासारखा भाग तोच. नंतर दर सोमवारी झिंगे मोजावेत. मेलेलेही नोंदवावेत आणि ती वही प्रदर्शनात टाकीशेजारी ठेवावी.

त्या प्रदर्शनात आम्ही आणखी एक प्रश्न विचारला होता : संपल्यावर यांचे काय करणार? "ओढ्यात सोडणार," असे उत्तर आले, तेही दयाबुद्धीने. जर्मनीत वीजकेंद्राच्या कोमट पाण्यामुळे उबदार राहणाऱ्या गिलबाख या ओढ्यात हेच झिंगे स्थायिक झाले आहेत. आपल्या ओढ्यांना तर वीजकेंद्राच्या उबेचीही गरज नाही, आणि तिथे कॅरिडिना कुळातले आपले स्थानिक झिंगे आधीपासून नांदत आहेत. उरलेले झिंगे दुकानात परत द्यावेत किंवा दुसऱ्या शाळेच्या टाकीत. ओढ्यात, विहिरीत नको.