पंचवीस ओव्यांतला अनेसिम

संत पौलाचे फिलेमोनास पत्र अवघ्या 25 ओव्यांचे आहे. बायबल चाळताना ते एका पानाबरोबर उलटून जाते. हे पत्र पवित्र शास्त्रात हवेच कशाला, असे विचारणाऱ्यांना संत योहान ख्रिसोस्तोम यांनाही उत्तर द्यावे लागले होते. आम्हांला मात्र पौलाच्या साऱ्या लेखनात इतकी सूक्ष्म वीण अन्यत्र दिसत नाही. आणि ती ज्याच्याभोवती विणली आहे, त्या अनेसिम नावाच्या गुलामाच्या तोंडी एक शब्दही नाही.

'अनेसिम' म्हणजे ग्रीक भाषेत 'उपयोगी'. पूर्वी निरुपयोगी ठरलेला हा माणूस आता तुझ्या नि माझ्याही उपयोगाचा झाला आहे, अशी कोटी पौल करतो. भाषांतरात उपयोगी-निरुपयोगी ही जोडी तगते. नावाशी असलेले तिचे नाते तेवढे तुटते. 'क' वर्षात सामान्य काळाच्या तेविसाव्या रविवारी हे पत्र मिस्सामध्ये वाचले जाते, तेव्हा नेमकी ही अकरावी ओवी गाळलेली असते! अनेसिमाचे देणे माझ्या खाती मांड, असे पौल स्वहस्ते लिहून देतो, त्या ओव्याही वगळलेल्या. ऋणपत्राची ही रोखठोक भाषा गेली की उरते ती केवळ मऊ विनवणी.

काळीज या अर्थाचा ग्रीक शब्द पत्रात तीनदा येतो. फिलेमोनाने पवित्र जनांची काळजे निववली. अनेसिम हे पौलाचे काळीज. तर मग आता माझेही काळीज निवव. स्तुतीतून मागणी अशी उगवते. शिवाय पत्र एकट्या फिलेमोनास नाही, त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीसही आहे. चारचौघांत वाचले जाणारे हे आर्जव नाकारणार कसे?

तरीही 'त्याला मुक्त कर' असे पौल स्पष्ट म्हणत नाही. गुलाम म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून स्वीकार, इतके म्हणून तो थांबतो. या संकोचाची किंमत इतरांनी मोजली. 1830 च्या दशकात अमेरिकेतील जॉर्जियात चार्ल्स कोलकॉक जोन्स या गुलाममालक धर्मोपदेशकाने याच पत्राच्या आधारे पळून जाण्याचा निषेध केला, तेव्हा गुलाम श्रोत्यांपैकी निम्मे उठून चालते झाले. ही नोंद त्याचीच. आमच्या मते पत्राचे खरे वाचन त्या उठून जाणाऱ्यांनी केले. अनेसिम पळाला होता, असे पत्रात कोठेही नाही. तो 'दुरावला' एवढेच आहे.

15 फेब्रुवारीस ख्रिस्तसभा त्याचे संत म्हणून स्मरण करते. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचे बिशप संत इग्नेशियस यांनी इफिसकरांना लिहिताना तेथील बिशपांचे नाव अनेसिम असे दिले आहे. तो हाच, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंतु जॉन नॉक्स यांनी 1935 मध्ये एका गोष्टीकडे लक्ष वेधले: पौलाने विसाव्या ओवीत त्या नावाशी खेळणारे जे क्रियापद योजले आहे, तेच इग्नेशियस यांच्या पत्रातही, त्या बिशपांचा उल्लेख केल्यावर लगेच येते.